हर्सूलचा समुद्र

आपा, गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा समुद्र पाहिला, त्याच्या कडेनं दिवसभर चालले. लेक रत्नागिरीला असते. सकाळी तिच्याबरोबर शहराबाहेर पडले. आधी सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, मग खाली उतरून वाळू, मग पुन्हा चढ. उजव्या हाताला समुद्र सतत होता. एका वळणावर पाणी जमिनीत आत शिरलेलं दिसलं आणि मी थांबले. लेक म्हणाली, ‘आई, दमलीस का?’ मी म्हणाले, ‘ही खलीज.’ तिला कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं, म्हणून लिहिते.

आम्ही शाळेत होतो तेव्हा पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं लोटली होती. तुमचे दोन्ही भाऊ कराचीला गेले होते. छावणीतल्या घरात तुम्ही आणि तुमच्या अम्मा. खात्याचा हुकूम आला होता की यापुढं सगळं मराठीत शिकवायचं. तुम्ही भूगोल उर्दूत शिकला होता, उर्दूतच शिकवत आला होता. मधल्या सुट्टीत तुम्ही मला बोलावून विचारायचा, ‘जज़ीरा म्हणजे?’ मी सांगायची, ‘बेट, आपा.’ तुम्ही तो शब्द दोनदा म्हणायचा आणि घंटा झाली की वर्गात जाऊन असा उच्चारायचा, जणू जन्मापासून येतो. एकदा मागच्या बाकावरून हसू आलं तर तुम्ही खडू खाली ठेवलात. ‘हसा. पण ज्या पोरीला माझ्यापेक्षा चांगलं येतं तिनं इथं येऊन शिकवावं.’ कुणी उठलं नाही.

किनारा हा धडा आला तेव्हा आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. तुम्हीही नाही. म्हणून तुम्ही आम्हाला हर्सूलच्या तलावावर नेलंत. शहराच्या दिल्ली दरवाजातून रांगेनं निघालो, पुढं तुम्ही, मागं शाळेतली मावशी डबे आणि जामांची, म्हणजे पेरूंची, टोपली घेऊन. पाण्याची सुरई माझ्याकडे. पाणी दिसल्यावर तुम्ही नकाब वर केलात आणि म्हणालात, ‘आज हा तलाव नाही. आज हा समुद्र आहे. याच्या काठानं चालायचं आणि जे दिसेल त्याला नाव द्यायचं.’

आम्ही चालतो आहोत. जमिनीची एक जीभ पाण्यात गेलेली दिसते, तिला भूशिर म्हणतो. मधे एक उंचवटा आहे, त्यावर बगळा बसलाय, ते बेट. सीताफळाची झुडपं संपतात तिथं काठ आत वळतो आणि तुम्ही काठीनं हवेत रेघ ओढून म्हणता, ‘खलीज. मराठीत?’ सगळ्या माझ्याकडे बघतात. मला येत नाही. तुम्ही हसता. ‘मग आज खलीजच राहू दे बिचारी.’

जेवायला बसलो तेव्हा आमच्यातली सगळ्यात धाकटी दिसेना. ती पाण्यापाशी उभी होती आणि जामाबरोबर खायला आणलेलं सगळं मीठ तिनं तलावात ओतलं होतं. म्हणाली, ‘समुद्र खारा असतो ना, आपा.’ तुमचा कपाळाला हात. ‘वा गे वा! समंदर केलास. आता जाम कशाला लावून खायचे? एकेक जाम घ्या आणि जा, तलाव चाटा!’ मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. बिनमिठाचे जाम आम्ही सगळ्यांनी खाल्ले. ती धाकटी रडत रडत दोन खाऊन बसली.

परत निघताना मी तुमच्या मागंच होते.

मावशी म्हणाली, ‘भावाचं पत्र आलंय म्हणं कराचीवरून.’

‘हौ. दार उघडलं की समोर समंदर, असं लिहितो.’

‘मग? जाताव व्हय?’

‘तिथं मुली उर्दूत शिकतात, मावशी. मला पुस्तकसुद्धा उघडावं लागणार नाही. इथं रोज रात्री बाराखडी गिरवते, पहिलीतल्या पोरीसारखी.’

‘मंग जावाच की. लई जीव काढला तुमचा या मराठीनं.’

तुम्ही चालत राहिलात. सुरई मला एकदम जड झाली. तुम्ही गेलात की माझी शाळा संपणार होती. वडील म्हणायचे, ‘आपा हायत तवर जाऊ द्या. पुढचं पुढं.’ मी मनात एकच म्हणत होते, जाऊ नका, जाऊ नका. कुणाला म्हणत होते कोण जाणे, तुमच्या अल्लाला की आमच्या वेरूळच्या महादेवाला. दोघांनाही असेल.

पुढं चिखल लागला. पाळूपर्यंत, तलावाच्या बांधापर्यंत, जायचं राहिलं होतं आणि पोरी हट्ट करू लागल्या. तुम्ही पलीकडच्या काठाकडे बराच वेळ बघितलंत. ‘आज नाही. पुढच्या साली तिकडून सुरुवात करू.’

मावशीनं टोपली दुसऱ्या हातात घेतली. ‘म्हंजी ऱ्हाताव म्हणा की.’

‘रांग करा गे,’ तुम्ही म्हणालात.

तुम्ही राहिलात. मी शिकले, पुढं मीही भूगोलच शिकवला. तुम्ही निवृत्त झाल्यावर एकदा म्हटलं, चला, मुंबईला जाऊन समुद्र बघून येऊ. तुम्ही पान लावत होता. ‘बघून काय करू? शिकवलाय मी तो.’ मला ते उत्तर फार आवडलं होतं. तुमच्या पश्चात मी ते कितीतरी वर्गांना सांगितलं, दर वेळी पोरी हसायच्या.

पण गेल्या आठवड्यात वळणावरच्या त्या कड्यावर उभी राहिले तेव्हा हसू आलं नाही. समोर पलीकडचा काठ नव्हता, आपा. नकाशात ते माहीत होतं, मी स्वतः फळ्यावर काढत आले. तरी एवढं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं. कराचीला तुमच्या दारापुढं हे असणार होतं. लेकीनं खांद्यावर हात ठेवला, तिला वाटलं वारा लागतोय. मी स्वतःला विचारत होते, त्या दिवशी हर्सूलला हे ठाऊक असतं तर मी तेच मागितलं असतं का.

मागितलं असतं, आपा. बहुतेक तेच मागितलं असतं.