बॅट टाकून पळायचं

प्रिय संघर्ष,
जयभीम.

विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा कप्तान झालास, अभिनंदन. तुझी प्रत्येक मॅच मी मोबाईलवर बघते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना अजून वाटतं, मॅडम क्रिकेट बघतात.

काल आपल्या शाळेचा बेसबॉल संघ बंद झाला. मैदानावर आता स्कूलबस उभ्या राहणार. "तुमचा भाचा येऊन समितीशी दोन शब्द बोलला तर संघ ठेवू," असं मुख्याध्यापक म्हणाले होते. तू "येतो गं आत्या" म्हणालास. काल दुपारपर्यंत तुझा फोन बंदच. आमची कॅचर मोनिका सारखी विचारत होती, "मॅडम, दादा येणार ना?" शेवटी मी सगळ्यांना सांगितलं, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय. त्यावर इथं कुणीही विश्वास ठेवतं.

संध्याकाळी तुझा फोटो आला. चाकणलाच होतास की. कुठल्याशा कंपनीच्या क्रिकेट स्पर्धेत फेटा बांधून बक्षिसं वाटत होतास. म्हणजे मी निम्मंच खोटं बोलले.

गल्लीतल्या क्रिकेटच्या सवयीनं तू सातवीत बॅट घेऊनच पळायचास. मी ओरडायचे, "अरे, बॅट टाक आणि पळ, मागे बघू नकोस." ते अगदी छान शिकलास. पळून परत होमवर, म्हणजे जिथून निघालो तिथंच, आल्याशिवाय रन धरत नाहीत, हेही शिकवलं होतं. त्या दिवशी बहुतेक तू गैरहजर होतास.

हे पाठवलं तर तू खाली बदाम टाकून मोकळा होशील. म्हणून पाठवत नाही.

तुझी आत्या,
मिनल