बाबांची संथ चाल

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार.

लेकीकडे माझं छान चाललंय. प्रकृती ठणठणीत. डाव्या हाताची दोन बोटं सकाळी जरा अडतात, एवढंच. थंडीमुळे असेल.

इथे ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही निवृत्त मंडळी जुन्या चाली वाजवायला जमतो. एक शिंपी बासरी वाजवतात, एक नर्सबाई टेबलावर ठेका धरतात. काल मी व्हायोलिनवर बाबांची ती चाल घेतली, जिच्यावर तू गिरक्या घ्यायचीस आणि आई आतून ओरडायची, "अगं, दुधाचं पातेलं सांडशील!"

सुरुवात झोकात झाली. पण पुढे लय वाढली आणि बोटं वळेनात. मी गज खाली ठेवला. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, थांबताय कशाला? सावकाश घ्या. आम्ही आहोत की!"

मग निम्म्या लयीत वाजवली, आणि मला हुबेहूब बाबा ऐकू आले. शेवटची काही वर्षं ते तशीच वाजवायचे ना? आपण म्हणायचो, निवृत्त झाल्यापासून बाबा किती रंगून वाजवतात! ताई, त्यांचीही बोटं दुखत असणार गं. कधी बोलले नाहीत.

लेक डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागलीय. जाईन. वाजवणं मात्र सोडायचा नाही.

भाऊजींना नमस्कार सांग. तुझे गुडघे कसे आहेत? "बरे आहेत" असं लिहू नकोस, खरं काय ते लिही.

तुझाच,
धाकटा