संगीता गायकवाडचा जॉब

६ जानेवारी १९८६, सोमवार

दहावी टेक्निकलच्या टर्मवर्कचे जॉब आज जमा झाले. हॅकसॉची पाती पुन्हा कमी. शिपायाला विचारलं तर म्हणे, मला काय माहीत. त्याला कधीच काही माहीत नसतं. कपाटाची किल्ली आजपासून माझ्याच खिशात.

जॉब दरवर्षीचाच. दोन लोखंडी तुकडे, एकाला चौकोनी खाच, दुसऱ्याला तशीच जीभ, कानस मारून एकमेकांत बसवायचे. मग खिडकीपाशी धरून बघायचं, फटीतून उजेड किती येतो. मुलांच्या जॉबमधून तो येतोच. काहींच्यातून तर समोरच्या सोसायटीतले वाळत घातलेले कपडे दिसतात.

संगीता गायकवाडच्या जॉबमधून काही नाही. फिरवून धरला, उलटा बसवून धरला. काही नाही. इतकी वर्षं मुलुंडात शिकवतोय, दहावीच्या पोराच्या हातून असा जॉब निघालेला पाहिला नाही. आणि ही तर मुलगी. या बॅचला पहिल्यांदा टेक्निकलला दोन मुली घेतल्या, त्यातली ही एक.

बाप कंपनीत फिटर आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

८ जाने.

वर्कशॉपात तुकडा पकडायचे व्हाइस कमी, मुलं जास्त. म्हणून मुख्याध्यापकांनी जॉब घरी न्यायची परवानगी दिली. मी तेव्हाच विरोध केला होता. निदान मनात केला होता. घरी कानस कोण मारतं हे बघायला कोण जाणार?

सं.ला डिप्लोमाला जायचंय. कुणीही विचारो न विचारो, सांगत असते. टर्मवर्कमध्ये मार्क कापले गेले तर टक्का घसरणार आणि डिप्लोमाचं नाव घ्यायला नको. हे बापाला कळत नसेल? फिटर माणूस. लेकीचं भलं व्हावं म्हणून हात मारला असणार. मीही मारला असता कदाचित. पण मग ते चालवून घ्यायचं का?

१० जाने., शुक्र.

मधल्या सुट्टीत सं.ला बोलावलं. विचारलं, घरी कुणी मदत केली का. म्हणाली, पप्पांनी नुसता बघितला, हात लावला नाही. माझ्या डोळ्यांत बघून बोलली. खोटं बोलणारे पण डोळ्यांतच बघतात, नव्या शिक्षकांना ते माहीत नसतं.

मग खाचेचे कोपरे इतके साफ कसे? तर म्हणाली, तिकोनी कानशीची एक बाजू दगडावर घासून गुळगुळीत केली, म्हणजे एक बाजू घासताना दुसरी खात नाही. बरोबर आहे. पण हे मी शिकवलेलं नाही. म्हणजे बापाने शिकवलं. शिकवणं आणि करून देणं यात अंतर किती असतं?

स्टाफरूममध्ये कुलकर्णीबाई म्हणाल्या, हुशार आहे हो ती, गणितात पण.  गणितातही कुणी…? नाही. एवढं नको.

१४ जाने., संक्रांत

घरी तिळगूळ. जेवताना सुमनला सगळं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, तुम्हांला लाडू दिला तरी आधी त्यात खडा आहे का ते बघता. मी म्हटलं, खडा असतो कधीकधी.

मग म्हणाली, "तुमचा संशय ती मुलगी आहे म्हणून, का आणखी कशामुळे?"

मी विचारलं, आणखी म्हणजे काय. म्हणाली, ते तुम्हीच बघा. आमटी छान झाली होती, पण जेवण गेलं नाही. बायका असं एखादं वाक्य टाकून भांडी घासायला निघून जातात, आपण बसतो चावत.

१६ जाने., गुरु.

ठरवलं. सोक्षमोक्ष लावायचा. सं.ला नवे दोन तुकडे दिले, म्हटलं, शाळा सुटल्यावर माझ्यासमोर कर. कोरे तुकडे, माझ्याकडचे, वर माझा पंच मारलेला. बदलाबदलीला जागाच ठेवली नाही.

 तिने कोपऱ्यातली लाकडी फळी ओढून व्हाइससमोर टाकली आणि वर उभी राहिली. व्हाइस कोपराच्या उंचीला हवा हे पहिल्याच तासाला सांगतो मी. पण मुलींसाठी तो उंच पडतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. दोन वर्षं ही फळीवर उभी राहून कानस मारतेय.

खिडकीबाहेर पोरं जमली. हसत होती. दोनदा हाकललं, पुन्हा आली. आज खाचेपर्यंत झालं. तुकडे मीच कपाटात ठेवले.

१७ जाने., शुक्र.

पुरं केलं. हात तयार आहे पोरीचा. कानस सपाट जाते, झोके खात नाही. मध्येच थांबून काटकोन बघायला गुण्या लावते, पुन्हा दोन हात मारते. मी काही बोलायच्या आत तिला चूक कळत होती.

उजेडाला धरला. एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसते. दोनच दुपारी मिळाल्या, त्यात एवढं म्हणजे… तिचाच आहे तो जॉब. पहिलाही तिचाच. आता शंका नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, जा. तिने हात पुसले, दप्तर उचललं, दारापर्यंत गेली आणि वळून विचारलं, "सर, बाकीच्यांचं कधी घेणार?"

मी म्हटलं, ते मी बघीन. आवाज जरा चढलाच. ती गेली. फळी तशीच राहिली होती, ती मी उचलून ठेवली.

२० जाने., सोम.

पात्यांसाठी तावडेच्या गाळ्यावर गेलो. आयटीआयपासूनचा दोस्त, स्टेशनपलीकडे लेथ चालवतो. चहा सांगितला. बोलता बोलता सं.ची गोष्ट निघाली. मला वाटलं होतं तो म्हणेल, बरं केलंस. तो हसायलाच लागला.

म्हणे, तुझी पोरं आमच्या लाइनीत येतात ना, जॉब करून द्या म्हणून. दिवाळीपासून येतात. मी विचारलं, कोण, नावं सांग. नावं कोण विचारतो, म्हणाला. तो स्वतः असली कामं घेत नाही म्हणे, पलीकडच्या गाळ्यातला घेतो. असेल. तावड्या खरं बोलतोय की नाही हा पुन्हा वेगळा विषय.

पण पुढे जे बोलला ते ऐकून मी कप खाली ठेवला.

"पोरं एक गोष्ट न चुकता सांगतात बघ. काका, एकदम झकास नको. थोडी फट ठेवा. नाहीतर सावंत सरांना डाउट येतो."

२१ जाने.

सकाळी लवकर जाऊन कपाट उघडलं. सगळे जॉब बेंचवर मांडले. एकेक उजेडाला धरला. सं.चा सोडून सगळ्यांना फट. बेताची, माझ्या पसंतीची. यातला कुणाचा खरा वाकडा आणि कुणाचा सांगून वाकडा केलेला? काही कळत नाही. कानशीचे वळ बघितले, कोपरे बघितले, भिंग लावून बघितलं. पलीकडचा जो कोण आहे तो कारागीर चांगला आहे. दहावीच्या पोराचा हात हुबेहूब काढतो.

इतकी वर्षं मी अभिमानाने सांगत आलो की मला फसवणं सोपं नाही. पोरांनी माझा संशयच मोजून घेतला आणि त्याच मापाचे जॉब करून आणले. आणि शाळेत ज्या एकीने मान मोडून काम केलं, तिला मी चोरासारखं उभं केलं. राग आला. त्यांचा, माझा, तावड्याचा, सगळ्यांचा.

२२ जाने., बुध.

मु.अ.च्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, टर्मवर्क सगळ्यांकडून माझ्यासमोर पुन्हा करून घ्यायचं. ते पेपर चाळत म्हणाले, प्रॅक्टिकल तोंडावर आलंय, आता कसलं पुन्हा. मी तावडेचं बोलणं सांगितलं. पुरावा काय, म्हणाले. पुरावा नाही. त्या गायकवाडच्या मुलीबाबत तरी तुमच्याकडे कुठे पुरावा होता, असं ते म्हणाले नाहीत. पण मला ऐकू आलं.

शेवटी म्हणाले, "सावंत, तिच्याबाबत तुमचं समाधान झालं ना? मग विषय संपवा. पालक माझ्या दारात येतील, तुमच्या नाही."

मी विचारलं, तिचे पालक आले असते तर? मु.अ. हसले. ते कशाला येतील, म्हणाले.

यांना कुणी काही बोललंय का आधीच? शाळेच्या कमिटीतल्या एकाचा मुलगा याच बॅचला आहे. असो. सध्या मी माझ्या संशयावर फार विसंबत नाही.

२४ जाने., शुक्र.

आले. गायकवाड आले. पहिली पाळी करून तसेच, हातात डब्याची पिशवी. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. आवाज अजिबात चढवला नाही, तेच जास्त वाईट. मी आधीच सुरू केलं, तिचे मार्क पूर्ण देणार, तिचं काम उत्तम आहे वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मार्कांचं बोलायला आलो नाही म्हणाले. पोरगी गेल्या शुक्रवारपासून कानशीला हात लावत नाही. डिप्लोमाचं बोलत नाही. आईला म्हणाली, बारावी करीन, कुठेतरी क्लार्क होईन.

मग म्हणाले, "सर, आम्ही कंपनीच्या गेटवर रोज झडती देतो. हात वर करायचे, डबा उघडून दाखवायचा, मग घरी. वीस वर्षं झाली, आता काही वाटत नाही. तिला शाळेत सवय लागू नये, एवढंच."

 चुकलं म्हटलं.  त्यांनी मान हलवली आणि जाता जाता वर्कशॉपभर नजर फिरवली. एका व्हाइसपाशी थांबले, जबडा हलवून बघितला, ढिला आहे म्हणाले. ढिलाच आहे. मागच्या वर्षीपासून.

सुमनला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पानात आणखी एक पोळी वाढली. आज ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

२७ जाने., सोम.

प्रार्थनेनंतर वर्गात सांगितलं. शनिवारी दुपारी दहावी टेक्निकलने वर्कशॉपात यायचं. प्रत्येकाला कोरे तुकडे मिळतील. सगळ्यांनी माझ्यासमोर बसवायचे, जमेल तेवढं. सांगताना सं.कडे बघायचं टाळलं. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. एकाने विचारलं, सर, कंपल्सरी आहे का? मी हो म्हटलं.

२९ जाने.

मु.अ.नी बोलावलं. दोन पालकांचे फोन आले म्हणे. शनिवारी काय करायचं ते करा, सराव म्हणा त्याला, पण टर्मवर्कचे मार्क जमा झालेल्या जॉबवरच जाणार आणि सोमवारी जाणार. मी म्हटलं, त्यावर सही माझी लागते. म्हणाले, लागते, माहीत आहे मला. थंडपणे. याचा अर्थ काय घ्यायचा? नोकरी मला अजून बरीच करायची आहे, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

सगळे येणार नाहीत हे गृहीतच धरलं होतं. अर्ध्याहून थोडे जास्त आले. कोण आलं नाही ते मी मुद्दाम लिहून ठेवत नाहीय. त्यातले काही खरंच आजारी असतील. आलेल्यांपैकी दोघांना कानस कुठून धरायची तेच आठवत नव्हतं. उरलेले घाम गाळत होते, आणि फटी पडत होत्या, खऱ्या.

सं. सगळ्यांत शेवटी आली. दारातच उभी. मला वाटलं निरोप सांगायला आली असेल, किंवा सर्टिफिकेटचं काही विचारायला. जवळ जाऊन म्हटलं, तुझं झालंय, तुला करायची गरज नाही. तुझे मार्क मी तेव्हाच लिहिलेत.

"सर, तेव्हा मी एकटी होते," ती म्हणाली. "ते धरू नका."

टेबलावरचे दोन तुकडे तिने स्वतःच घेतले. सगळे व्हाइस अडले होते, तो ढिला तेवढा रिकामा. मी एका मुलाला बाजूला करायला निघालो तर नको म्हणाली, मग नंबर लावून उभी राहिली. मी पाना आणला आणि ढिल्या व्हाइसचे बोल्ट आवळायला बसलो. ती बाजूला थांबून बघत होती. आवळून झाल्यावर तिने तुकडा बांधला, हलवून बघितला आणि कामाला लागली. 

साडेपाचला सगळे गेले. मु.अ.नी पाठवलेला मार्कांचा कागद माझ्या टेबलावर आहे, जुन्या जॉबवर मी दिलेले मार्क टाइप करून, सहीची जागा मोकळी. आजचे जॉब शेजारी ठेवलेत. सोमवारी दहाला शिपाई कागद न्यायला येईल.