खांद्यावरचे घर

नवी वसाहत, लाम्पुंग
९ फेब्रुवारी १९७२

चि. सौ. तुमिरा हीस पार्तो याचे अनेक आशीर्वाद. पुरात भिजू नयेत म्हणून दुहेरी लिफाफ्यातून.

तुझ्या गृहाच्या पश्चिम भिंतीने जलसमाधी घेतली, आणि उर्वरित तीन भिंती तिचे अनुकरण करण्याचा गंभीरपणे विचार करीत आहेत, हे वाचून चित्त विषण्ण झाले. आई घरात छत्री उघडून बसते, हे तू लिहायला नको होतेस. ते दृश्य काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सबब, ज्येष्ठ बंधू या नात्याने मी पुढील आज्ञा प्रसृत करीत आहे. आपल्या वडिलांचे, आता माझे असलेले घर कालीपुचुंगात, आम्ही समुद्र ओलांडून या सरकारी वसाहतीत आल्यापासून, तीन वर्षे रिकामे उभे आहे. ते उचलून तुझ्या अंगणात न्यावे. पूर्वजांनी फणसाचे खांब बिनखिळ्यांचे, केवळ खुंट्यांनी जोडले ते उगाच नव्हे. घर ही जंगम मालमत्ता, शेत तेवढे स्थावर. घराला चाळीस खांदे दिले की ते चालू लागते. शेत कुठे पळून जाते? गावकीच्या भातखाचरांतला माझा वाटा तुझे यजमान सारपान कसतातच. माझ्या नावाने पाट उपसतात, पहाऱ्यालाही जातात. तो तांदूळ तुमच्या मुखी पडत राहील, आणि आम्ही परतलो की आमच्याही.

इथे मी कसावा लावतो आणि रानडुकरे तो काढतात; इतकी शास्त्रशुद्ध श्रमविभागणी सरकारलाही साधलेली नाही. आमचा लहानगा तेगूह तापाने निजून आहे, पण डोळ्यांतली खोडी शाबूत आहे. तुझी वहिनी लासिनेम त्याच्या उशाशी बसून असते.

बाकी सर्व वाहून गेले तरी लोभ तेवढा माळ्यावर ठेव, ही विनंती.

तुझा दादा


कालीपुचुंग
१६ मार्च १९७२

ती. दादास धाकट्या तुमिराचा पायांवर माथा ठेवून नमस्कार. तुझी आज्ञा तिसऱ्या वाचनात समजली.

घर आले! कौले आदल्या दिवशी उतरवली, भिंती सोडवल्या, आणि सकाळी अख्खे गाव खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ऐनवेळी आई आत जाऊन बसली, ती उठेना. म्हणाली, या घरात मी सून म्हणून चालत आले, आता निघायचे तर बसूनच निघेन. शेवटी ओंडक्यांवर फळी टाकून तिला तशीच बसवली. शेजारचा कासान ओरडला की दोन्हींत घर हलके आहे. त्यावर आईने वरूनच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग त्याच्याचकडून पाणी मागवले.

पूर्वेच्या कोपऱ्याला खुद्द लुराहसाहेबांनी खांदा दिला. गावाचा प्रमुख असा चिखलात उतरलेला मी प्रथमच पाहिला. जेवणात पिवळ्या भाताचा डोंगर त्यांनी एका अंगाने निम्मा खचवला. तेव्हा यांनी भीत भीत विचारले की दादांच्या वाट्याला यामुळे काही बाध तर येणार नाही ना. लुराह हसून म्हणाले, जोवर ज्याचे घर उभे तोवर त्याचा वाटा, ही जुनी रीत. आणि घर तर उभे आहे, सारपान, तू जेव. माझ्या मनात तरीही कुसळ राहिले आहे. तुला काय वाटते ते कळव.

एकच गोष्ट आणता आली नाही. तुझी मातीची चूल. ती उचलताना तडकली म्हणून तिथेच ठेवली, आणि आता उघड्यावर पावसाने निम्मी विरघळली आहे. आईला त्याची हुरहूर लागली आहे.

तेगूहला सांग, आत्याने पतंग करून आढ्याला टांगला आहे. वहिनीला नमस्कार.

लोभ जिथे होता तिथेच असू दे. त्याला कुणी उचलू नये.

तुझी तुमिरा


नवी वसाहत
२१ एप्रिल १९७२

चि. सौ. तुमिरा हीस आशीर्वाद.

पतंग उतरवून ठेव. तेगूह गेला. मागले पत्र टाकले त्याच्या तिसऱ्या दिवशी. तुमच्याकडे पूर, त्यात आईला हे कसे कळवावे, म्हणून गप्प राहिलो. विदूषकाची हीच अडचण असते. तो गप्प बसला तरी लोकांना वाटते की नवा विनोद जुळवतो आहे.

लासिनेम रोज त्याचे ताट वाढते आणि संध्याकाळी ते कोंबड्यांपुढे रिकामे करते. मी हरकत घेत नाही. मी भाषा जाणतो, नियम जाणतो, दोन हेक्टरांचा सनदशीर धनी आहे. परंतु त्या ताटाला काय उत्तर द्यावे हे मला ठाऊक नाही. ती एकच वाक्य बोलते: घरी चला.

तुझ्या मनातल्या कुसळाविषयी: ते काढून टाक. घर कुणाच्याही अंगणात उभे असो, उभे आहे. लुराहांचा शब्द आहे, तोही भरल्या तोंडाने दिलेला.

परतलो तर वसाहतीची जमीन सोडावी लागेल. ती मागे राखता येत नाही, रांगेतल्या पुढच्या कुटुंबास जाते. म्हणून तुझे उत्तर येईपर्यंत थांबतो. माझ्या वाट्यावर आपण सगळे कसेबसे जगू ना, एवढेच लिही.

आईला सांगताना तिचा हात धर. लोभाची आता खरोखर गरज आहे.

दादा


कालीपुचुंग
४ जून १९७२

ती. दादास आणि वहिनीस तुमिराचा नमस्कार.

तुझे पत्र मेच्या आरंभीच मिळाले. आईला सांगितले. ती पतंग उतरवू देत नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण तेव्हाच गावसभा बोलावल्याचे कानी आले होते. निकाल कळल्याशिवाय काय लिहू, म्हणून थांबले. तो काल लागला. लुराह म्हणाले, घर उभे म्हणजे आपल्या जागेवर उभे. जिथे चूल पेटत नाही तिथे बिऱ्हाड नाही, आणि बिऱ्हाड नाही त्याला वाटा नाही. यांनी त्यांना जेवणातल्या शब्दाची आठवण दिली. तेव्हा ते म्हणाले, मी तेव्हा पाहुणा होतो, आता लुराह आहे. लोक हसले, दादा. ज्यांनी घर उचलले तेच. कासान तेवढा उठून गेला.

वाटा लुराहांच्या जावयाकडे गेला. रीतीप्रमाणे यादीत पुढचे नाव त्याचेच होते, त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही. यंदाचे पीक कापून घ्या म्हणाले, एवढे उपकार. त्यानंतर आम्ही दुसऱ्यांच्या शेतात कापणीला जाऊ.

आई रोज पहाटे तुझ्या उघड्या जागेवर जाते, तीन दगड मांडून पाणी उकळते, आणि धूर गावाला दिसेपर्यंत बसून राहते. मी म्हटले, आई, निकाल लागला. ती म्हणाली, मग लागू दे, माझे पाणी अजून उकळायचे आहे.

दादा, पाया पडते, तिथली जमीन सोडू नकोस. डुकरे खाऊ देत. आपल्या कुटुंबाच्या नावावर आता तेवढीच राहिली आहे. वहिनीला कसेही करून समजाव.

तुझी तुमिरा


पांजांग बंदर
६ जून १९७२

चि. सौ. तुमिरा हीस सपत्नीक प्रवाशाचे आशीर्वाद.

दीड महिना झाला, तुझे उत्तर नाही. मी त्याचा तर्कशुद्ध अन्वयार्थ लावला: वाईट वार्ता असती तर तू धावत कळवली असतीस, माझ्यासारखी तू लपवणारी नव्हेस. तेव्हा मौन हीच संमती.

शनिवारी कागदावर सही करून दोन हेक्टर सरकारचरणी परत अर्पण केले. त्याच संध्याकाळी नवे कुटुंब उतरले. पाच मुले आहेत. त्यांना डुकरांची वेळ समजावून दिली.

लासिनेमने तेगूहजवळची मूठभर माती रुमालात बांधून घेतली आहे. आज तिने चार महिन्यांत प्रथमच मला शिवी दिली. मी तिकिटे तिच्याच पदरात ठेवून बंदरभर शोधत होतो. ते शब्द ऐकून डोळे भरून आले.

वडिलांच्या घरात आम्हाला एक कोपरा दे. माझी चूल विरघळली तर विरघळली, नवी घालू. लासिनेम आत्तापासून माती कुठली घ्यायची ते सांगते आहे. अंगी बळ उरलेले नाही, जवळ काहीही नाही, परंतु आईला म्हणावे, काळजी करू नकोस. आम्ही पोचायला दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी चालतील. शेत काही कुठे पळून जात नाही.

उर्वरित लोभ समक्ष.

तुझा दादा