कसालला उतरलीस ती

आये, बोलते आहे मी, लिहिते आहे माझी नात. तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हा कागद टपालात टाकायची घाई कुणालाच नाही. पण इतकी वर्षं तुझ्यावर मनातल्या मनात चिडून मी दमले, म्हणून म्हटलं, एकदा मोठ्यानं चिडून घेऊ.

मिरगाच्या आधी शाळेत कातडीवरचे डाग तपासणारे डॉक्टर आले होते, आठवतं? बायकांसाठी एका वर्गात चादर टांगलेली, आत एक डॉक्टरीण. जन्मभर जिथे तू लुगड्याची गाठ करकचून मारलीस, तिथे कमरेला काळा पट्टा पडलेला आणि त्यात एक न भरणारी जखम. "जखम कसली? लुगड्याचो वळ तो," तू तिलाच शिकवलंस. ती बिचारी माझ्याकडे वळून म्हणाली, "गाठ सैल बांधायला सांगा, हे मलम लावा. आणि ही जखम साधी दिसत नाही, कॅन्सर असू शकतो. लवकर कोल्हापूरला न्या, तुकडा काढून तपासतील." एवढं सगळं ऐकून तुझ्या लक्षात राहिलं काय, तर मलम!

वर मलाच विचारलंस, "गो, ती डॉक्टरीण कधी चिखलात उतरली काय? सैल बांधून लावणी कशी करूची, ता तिका विचार." एक दिवस मी हट्टानं सैल बांधून दिलं, तर भर शेतात लुगडं सुटलं. साऱ्या बायका हसल्या, सगळ्यांत मोठ्यानं तू. दुसऱ्या दिवशी दुप्पट आवळलंस. आणि कोल्हापूर? लावणी होऊ दे, मग गणपतीची चवथ होऊ दे, मग कापणी. जखमेला वास यायला लागला तेव्हा मी सासरहून येऊन तुला ओढतच काढलं.

कोल्हापूरच्या वाटेवर कसालला गाडी थांबते. मी खिडकीशी, तू बाहेरच्या बाजूला. एकदम उठतेस आणि खाली. मी ओरडते, "आये, खंय चललंस?" रस्त्यावरून तुझं उत्तर, "खुडूक कोंबडी अंड्यांर बसली हा, तिका दाणे कोण घालतलो?" गाडीभर हशा. मागोमाग मीही उतरले, काय करणार! त्या कोंबडीची सगळी पिल्लं जगली. तू शिमगा बघितला नाहीस. शेवटी अंथरुणावर लुगडं सैलच होतं तुझं. आडवं पडल्यावर घट्ट बांधतो कोण?

आता ऐक. परकराच्या नाडीखाली माझ्याही कमरेला तसाच डाग आहे. आंघोळीच्या वेळी नातीनं पाहिला. गावात तपासणी आली तेव्हा तिनं मला पुढे ढकललं, आणि तिथल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं: नाडी सैल, आणि तुकडा तपासून घ्या. त्यालाही बरेच दिवस झाले. आधी काजू होते, मग आंबे. नात लिहिता लिहिता माझ्याकडे बघते आहे, तुझ्याकडे मी बघायची तशी.

उद्या जाणार आहोत. गाडी कसालवरूनच जाते. तिला सांगून ठेवलंय, मला खिडकीशी बसव आणि तू बाहेरच्या बाजूला बस. कोंबड्या मी पण पाळते, आये.