काल ताईने काय केलं

ती. ताईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, स्वेटर घालतो, तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

लॉन्ड्रीतलं काम आता अंगवळणी पडलंय. सुटलो की इंग्रजीच्या वर्गाला जातो. सध्या भूतकाळ चाललाय. ‘गो’चं एकदम ‘वेंट’ होतं, काही ताळतंत्रच नाही!

बाईंनी गृहपाठ दिलाय. घरच्या माणसाला ‘काल काय केलंस’ असं विचारायचं आणि ते वर्गात इंग्रजीतून सांगायचं. माझ्या खोलीत अजून एक जण राहतो, पण त्याची रात्रपाळी. मी येतो तेव्हा त्याचा ओला टॉवेल तेवढा भेटतो.

मग मी तुझंच सांगितलं. ताईने काल गाद्या उन्हात घातल्या, भाऊजींवर ओरडली आणि नंतर त्यांनाच चहा करून दिला. सगळे हसले. बाईही खूश झाल्या. तेव्हापासून रोज तुझं काहीतरी नवीन सांगतो.

परवा बाई म्हणाल्या, “तुमच्या बहिणीला एकदा वर्गात घेऊन या ना.”

मी म्हटलं, “घरी गेलो की विचारतो.”

ताई, आता रचून सांगायला माझ्याकडे काही उरलं नाही. काल तू काय केलंस ते खरंखरं लिही. काही विशेष केलं नसशील, तर तेच लिही.

तुझा,
धाकटा