घाट चढण्याआधी

जामसंडे, नोव्हेंबर १९५८

पेद्रूच्या बाबांना,

आपला पेद्रू आज फोंडाघाटावरच्या रानात झाडं मोजायला गेला. जिथे तापाने तुम्हाला नेलं तेच रान. म्हणून काल मी त्याला अडवलं, आणि तो माझ्यावर ओरडला.

तरी सकाळी पिशवी मीच भरली. तुमच्यासारखीच त्याने ओझं नको म्हणून दुसरी चादर आणि लोणच्याची बरणी बाहेर काढली.

"आई, ह्यां वझां घाटार कोण व्हरतलो? तुझो घोडो?"

मग तो गुडघ्यांवर बसला. "इगर्जीत पापां सांगून इलंय. पण काल तुका बोललंय, तां अजून पाठीर आसा. माफ कर, मगे बेसांव दी."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. रानात जाण्याआधी तुम्हीही असेच इगर्जीत पाद्रीपुढे पापं कबूल करायला जायचात. तुम्ही गेलात तेव्हा हा सात वर्षांचा. त्याला कुणी शिकवलं हे?

त्या शेवटच्या सकाळी तुम्ही बरणी काढलीत म्हणून मी रुसले. तुम्ही दारात थांबलात, मी बाहेर आले नाही. अकरा वर्षं हे पाद्रीलाही सांगितलं नाही. आधी तुम्हाला सांगते, मग इगर्जीत जाईन.

माफ करा.

तुमची,
तेरेझा